तहाचा कागद व नोटांचा कागद

गेल्या महिन्यात आमचा दहावीतला पुतण्या इतिहासाची उजळणी करीत बसला होता. ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्याने दोन ओळींत उरकले. व्हर्सायचा तह कठोर होता, जर्मनीचा अपमान झाला, त्या अपमानाच्या सुडासाठी हिटलर पुढे आला व युद्ध पेटले. परीक्षेत ह्यास पुरे गुण मिळतील. परंतु तह झाला १९१९ मध्ये आणि हिटलरच्या हाती सत्ता आली १९३३ मध्ये. मधली चौदा वर्षे हा अपमान कोठे निजून राहिला होता, असे आम्ही त्यास विचारले. “काका, हे पुस्तकात नाही,” असे म्हणून त्याने पान उलटले. पुस्तकात नसलेली ती चौदा वर्षे वाचकांपुढे मांडावी, असे ह्या महिन्यात योजिले आहे.

सोनपेठसारख्या गावी बसून युरोपातल्या तहांची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या पहिल्या युद्धाची झळ ह्या मुलखासही लागली होती. आमचे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. येथे हाली शिक्का चाले. इंग्रजी राज्यातल्या रुपयास कलदार म्हणत. शंभर कलदारास एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा ठरीव भाव होता. रुपया चांदीचा, आणि माणसाचा विश्वासही चांदीवरच. युद्धात चांदी दुर्मिळ व महाग झाली. नाणी पाडण्यापुरतीही ती मिळेना. इंग्रज सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, तर निजाम सरकारने १९१८ मध्ये आपल्या स्वतःच्या नोटा काढण्यास प्रारंभ केला. युरोपातल्या खंदकांतले युद्ध मराठवाड्यातल्या माणसाच्या कनवटीस आले ते असे, कागदाच्या रूपाने. आमच्या थोरल्या आत्याबाई आता नव्वदीच्या घरात आहेत, कोणी जुन्या काळची रक्कम सांगितली की त्या अजूनही विचारतात, “हाली की कलदार?” ह्या प्रश्नात जे शहाणपण आहे, ते जर्मनीतल्या पुष्कळ विद्वानांस १९२३ पर्यंत सुचले नव्हते. त्याकडे पुढे येऊच.

प्रथम युद्ध थांबले कसे ते पाहू. कारण पुढल्या अनर्थाचे मूळ तहापेक्षाही त्यात अधिक आहे. २९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मन सैन्याचा खरा सूत्रधार सेनापती लुडेनडॉर्फ ह्याने आपल्या सरकारास कळविले की, सैन्य आता टिकाव धरू शकत नाही, ताबडतोब तहकुबीची मागणी करा. सेनापती हिंडेनबुर्ग त्याच मताचा होता. अर्थात युद्ध हरल्याची कबुली प्रथम सेनापतींनी दिली. पण ११ नोव्हेंबर रोजी काँपियेनच्या अरण्यात रेल्वेच्या डब्यात बसून जी तहकुबी झाली, तीवर जर्मनीच्या बाजूने पुढारी म्हणून सही कोणाची? एर्झबर्गर ह्या मुलकी मंत्र्याची. सेनापती पडद्याआड राहिले. त्या दिवशी जर्मन सैन्य अद्याप फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीवर उभे होते. जर्मनीच्या एकाही मोठ्या शहरात शत्रूचे पाऊल पडले नव्हते. बर्लिनच्या गृहस्थाने खिडकीतून पाहिले ते निशाणे घेऊन शिस्तीने परतणारे आपले सैनिक. हे लोक हरले, असे त्यास कसे वाटावे?

आणि वर्षभराने, नोव्हेंबर १९१९ मध्ये, चौकशी समितीपुढे त्याच हिंडेनबुर्गने साक्ष दिली की सैन्य हरले नाही, त्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. खुपसणारे कोण? प्रजासत्ताकवादी, समाजवादी, आणि बोलणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे यहुदी. हे धादांत असत्य होते व ते सांगणारास ते असत्य आहे हे इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. एर्झबर्गरचा १९२१ च्या ऑगस्टात खून झाला. पुढल्या वर्षी परराष्ट्रमंत्री राटेनाउ ह्यास भर रस्त्यात गोळ्या घातल्या. हिंडेनबुर्ग मात्र १९२५ मध्ये लोकांच्या मतांनी जर्मनीचा अध्यक्ष झाला. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आता तहाविषयी. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात त्यावर सह्या झाल्या. १८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव करून जर्मन साम्राज्याची द्वाही फिरविली गेली ती ह्याच महालात. तेव्हा जागेची निवड काही सहज झालेली नव्हती. जर्मनीचा सुमारे आठवा हिस्सा मुलूख गेला, वसाहती गेल्या, सैन्य एक लाखावर आणले गेले. २३१ व्या कलमाने युद्धाच्या हानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या सोबत्यांवर टाकली. हिंदुस्थानच्या वतीने माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह ह्यांच्या सह्या झाल्या. लोकमान्य टिळक त्या वेळी विलायतेत होते. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो ह्यांस पत्र लिहून हिंदुस्थानासाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. पण तो हक्क युरोपातल्या काही राष्ट्रांपुरताच राखून ठेवलेला होता. बगदादच्या वाटेवर कूतच्या वेढ्यात एकशे सत्तेचाळीस दिवस उपाशीतापाशी लढून २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. त्यांच्या गावांस ह्या परिषदेतून काय मिळाले, हा प्रश्न तेथे कोणी काढला नाही.

तह कठोर होता हे खरे. पण तो एकटा पुढील सर्व घडवून आणण्याइतका कठोर होता काय? एक गोष्ट येथे विसरता कामा नये. इटली हे जिंकलेल्या पक्षातले राष्ट्र. तरीही लोकसत्तेचा गळा तेथेही घोटला गेला, १९२२ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीच्या हातून आरंभ होऊन. म्हणजे केवळ अपमान हेच कारण धरले तर हिशेब जुळत नाही. नुकसानभरपाईचा आकडाही असाच पाहिला पाहिजे. १९२१ मध्ये तो १३,२०० कोटी सुवर्ण मार्क असा ठरला. आकडा ऐकून छाती दडपावी. पण त्यातील ८,२०० कोटींचे रोखे असे होते की ते वसूल होतील अशी दोस्तांच्या मुत्सद्द्यांसही खरी आशा नव्हती. ते आपल्या मतदारांस दाखविण्यापुरते होते. खरी मागणी ५,००० कोटींची. असला तोंडदेखला आकडा कागदावर लिहिणे ही व्यवहारात फार वाईट खोड आहे: देणारा त्याने चिडतो आणि घेणाऱ्याच्या पदरात तर काहीच पडत नाही.

आता नोटांकडे वळू. जर्मनीतली चलनाची घसरण तहापासून सुरू झाली अशी समजूत आहे. ती युद्धात सुरू झाली. जर्मन सरकारने युद्धाचा बहुतेक खर्च करांतून न काढता प्रजेकडून कर्जरोखे घेऊन व नोटा छापून भागविला. १८७१ मध्ये फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक खंडणी मिळाली होती; ह्याही वेळी हरलेला शत्रू सारे फेडील, अशी हिशेबातली मेख होती. शत्रू हरला नाही. मग देणे उरले आणि छापखाना उरला. युद्धापूर्वी एका डॉलरास ४.२ मार्क पडत. १९२३ च्या जानेवारीत सुमारे अठरा हजार पडू लागले. त्याच महिन्यात, लाकूड व कोळसा वेळेवर न पोचल्याचे निमित्त करून फ्रान्स व बेल्जियमने रूर प्रांत व्यापला. जर्मन सरकारने तेथल्या कामगारांस काम बंद ठेवण्यास सांगितले व त्यांचे वेतन नोटा छापून चालू ठेवले. त्यानंतर जे झाले त्यास भाव म्हणणेच चुकीचे आहे. जानेवारीत बर्लिनमध्ये पावाची जी लादी सुमारे २५० मार्कांस मिळे, ती नोव्हेंबरात सुमारे वीस हजार कोटी मार्कांस झाली. डॉलर ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर गेला.

मोठ्या आकड्यांनी बुद्धी बधिर होते, म्हणून एका घरापुरते पाहू. समजा, एक निवृत्त शिक्षक आहे. जन्मभर काटकसर करून त्याने ५०,००० मार्क शिलकीस टाकले, काही विम्यात, काही सरकारी युद्धकर्जात. युद्धकर्जात पैसे घालणे हे देशभक्तीचे काम आहे असे त्यास सरकारनेच सांगितले होते. युद्धापूर्वी ही रक्कम सुमारे १२,००० डॉलर होती. त्यात म्हातारपण सुखाने गेले असते व एका मुलीचे लग्नही झाले असते. १९२३ च्या नोव्हेंबरात त्या पन्नास हजारांत पावाचा चतकोरदेखील मिळत नव्हता. चोरी झाली नाही, दरोडा पडला नाही, घराला आग लागली नाही. पासबुकावरचा आकडा जागच्या जागी होता. फक्त त्यातला अर्थ निघून गेला. ज्या विधवेचा निर्वाह व्याजावर होता तिचे काय झाले असेल, हे आपल्याकडच्या घरांत समजावून सांगावे लागू नये. उलट ज्याने कर्ज काढून जमीन वा कारखाना घेतला होता, त्याचे कर्ज ट्रामच्या भाड्यात फिटले. काटकसर करणारा बुडाला आणि उधळ्या तरला. शिलकीवर ज्याची सारी नीती उभी आहे अशा वर्गास ह्याहून मोठा धक्का कोणता असणार? १९२५ च्या कायद्याने गहाणखतांच्या मूळ किंमतीचा पंचवीस टक्के भाग मान्य केला. पण सरकारी कर्जाचा अवघा अडीच टक्के. ज्याने सरकारवर अधिक विश्वास टाकला त्यास कमी मिळाले.

योगायोग असा की, ह्याच काळात एक महाराष्ट्रीय विद्वान चलनाच्या प्रश्नाचा मुळापासून विचार करीत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी जर्मनीतल्या बॉन येथील विद्यापीठात नाव नोंदविले होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो १९२३ सालीच. चलन सांभाळणाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्यास बंधन हवे, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. त्या वर्षी जर्मनीकडे पाहणारास हे वेगळे सिद्ध करून दाखविण्याची गरज नव्हती.

त्याच नोव्हेंबरात म्यूनिकमध्ये हिटलरने लुडेनडॉर्फला बरोबर घेऊन बंड केले. ते एका दिवसात मोडले. हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. लोक सर्वांत अधिक नाडलेले असतानाही ते ह्या मनुष्याच्या मागे गेले नाहीत. नवे चलन आले, एका नव्या मार्कास एक लाख कोटी जुने मार्क असा भाव ठरला, अमेरिकेची कर्जे येऊ लागली आणि देश सावरला. ह्या सावरण्यात एक गंमत होती. अमेरिका जर्मनीस कर्ज देई. जर्मनी त्यातून फ्रान्स व इंग्लंडास भरपाई देई. ते दोघे तोच पैसा युद्धकर्जापोटी अमेरिकेस परत करीत. सावकाराच्या उजव्या हाताने दिलेले डाव्या हातात जाई, आणि वही मात्र भरत राही. आपल्याकडे खेड्यातला कुणबीही असल्या व्यवहारास ‘फेड’ म्हणणार नाही.

तरी ती वर्षे बरी गेली. इरावतीबाई कर्वे मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या त्या ह्याच सुमारास, १९२८ च्या आगेमागे. यजमान दिनकरराव जर्मनीतच रसायनशास्त्र शिकून आलेले. बाईंनी जावे हा आग्रह त्यांचा, सासरे अण्णासाहेबांच्या मनात मात्र तो बेत भरत नव्हता. १९२८ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षास शंभरांत अवघी २.६ मते पडली. व्हर्सायचा तह तोच होता, २३१ वे कलम तेच होते, भरपाई चालूच होती. तहाच्या कठोरपणामुळेच सर्व झाले म्हणणाऱ्यांनी ह्या आकड्याचे उत्तर द्यावयास हवे.

ते उत्तर १९२९ च्या ऑक्टोबरात सापडते. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला व अमेरिकेने पैसा परत ओढण्यास आरंभ केला. १९३१ च्या मेमध्ये व्हिएन्नाची मोठी पेढी डळमळली, जुलैत जर्मनीतल्या पेढ्यांची दारे लागली. अशा वेळी सरकारने काही खर्च करून लोकांच्या हातास काम द्यावे, हा विचार पुढे आला नाही असे नाही. पण ब्रूनिंग ह्या मुख्य मंत्र्यास व त्याच्या सल्लागारांस १९२३ चे भूत दिसत होते. तहाची बंधने होती, परदेशी सावकारांचा धाक होता, तरी ह्या भुताचा वाटा थोडा नव्हता. दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही फुंकून पिण्याचा तो प्रकार. त्यांनी नोटा वाढू दिल्या नाहीत. उलट पगार कापले, निवृत्तिवेतने कापली, कर वाढविले, आणि हे सारे लोकसभेला बाजूस सारून अध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीच्या हुकमांनी. १९३२ च्या आरंभी जर्मनीत बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. ज्या शिक्षकाची शिल्लक आठ वर्षांपूर्वी बुडाली होती, त्याचे निवृत्तिवेतन आता कापले गेले. आमच्या मते सर्व कथेचा सांधा येथे आहे. नोटांच्या पुराने हिटलर आला नाही. पुराच्या भीतीने जो दुष्काळ पाडला गेला त्याने तो आला.

१९३० च्या सप्टेंबरात त्याची मते २.६ वरून १८.३ टक्क्यांवर गेली. १९३२ च्या जुलैत ३७ च्या वर. ही मते मुख्यत्वे बेकार मजुरांची होती असा समज आहे, तो बरोबर नाही. मजूर बहुतांशी समाजवादी व साम्यवादी पक्षांकडे राहिले. हिटलरकडे वळले ते लहान दुकानदार, शेतकरी, कारकून, निवृत्त अधिकारी. देवधर्म पाळणारी, मुलांस शिकविणारी, अब्रूला जपणारी घरे. ह्या घरांचा तीनदा विश्वासघात झाला होता: प्रथम सेनापतींनी पराभवाविषयी खोटे सांगितले, मग नोटेने शिल्लक खाल्ली, शेवटी हुकमाने पोट कापले. पहिला घात कोणी केला हे त्यांस कधी कळलेच नाही. म्हणून तिन्हींचा दोष तहावर, प्रजासत्ताकावर आणि शेजारच्या यहुदी कुटुंबावर टाकणारा मनुष्य त्यांस खरे बोलणारा वाटला.

आणि गंमत अशी की, भरपाईचे ओझे तोवर जवळजवळ उतरले होते. १९३२ च्या जुलैत लोझान येथे ती व्यवहारतः रद्द झाली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हिटलरची मते ३३ टक्क्यांवर घसरली. लाट ओसरू लागली होती. त्याच वेळी पापेन व काही दरबारी मंडळींनी म्हाताऱ्या अध्यक्षाच्या कानी लागून, ह्या मनुष्यास आपण आपल्या लगामी ठेवू, असा भरवसा दिला. आणि ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्षांनी त्यास मुख्य मंत्री नेमले. तो अध्यक्ष म्हणजे तहकुबी मागणारा व नंतर खंजिराची गोष्ट सांगणारा तोच हिंडेनबुर्ग.

इरावतीबाईंचे बर्लिनमधले गुरू प्रा. ऑयगेन फिशर. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या ठेवणीत त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण सापडेल, अशी त्यांची अटकळ होती. बाईंनी संस्थेतल्या कवट्या मोजल्या व वंशावंशांत तसा भेद दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात नोंदविले. परक्या देशात, पदवी देणे ज्याच्या हाती त्याच्यासमोर, एका महाराष्ट्रीय विद्यार्थिनीने हे लिहिले. बाई परत पुण्यास आल्या. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पुढली सहा वर्षे वेगाने गेली व ती सर्वांस परिचित आहेत. १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती, १९३६ मध्ये ऱ्हाइनलंड, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया, त्याच सप्टेंबरात म्यूनिकचा करार, १९३९ च्या मार्चमध्ये प्राग. जो तह १९१९ मध्ये कमकुवत प्रजासत्ताकावर कडकपणे लादला, तोच हिटलरने उघडपणे फाडला तेव्हा इंग्लंड व फ्रान्स स्वस्थ राहिले. सौम्यपणा दाखविण्याची वेळ होती तेव्हा कडकपणा, आणि कडकपणाची वेळ आली तेव्हा सौम्यपणा. अमेरिकेने तर तहास संमतीच दिली नव्हती. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर चढाई झाली, आणि ३ सप्टेंबरला लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी येथल्या कोणासही न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले.

कूतच्या पिढीतील शिपायांची मुले आता पलटणीत होती. ह्या वेळी ती खुद्द युरोपात लढली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागाचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एका मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले व तेथेच पडले. त्यांची कबर सापडत नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी सोबत्यांस पाठीवरून वाहून आणले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

भरपाईचे शेवटी काय झाले, असे पुतण्याने नंतर विचारले. १९२० नंतर ती फेडण्यासाठी जर्मनीने जे रोखे परदेशांत विकले होते, त्यांचे देणे हिटलरने थांबविले. १९५३ मध्ये लंडनला झालेल्या करारात जर्मनीचे परकीय कर्ज सुमारे निम्म्याने कमी करण्यात आले, आणि त्या जुन्या रोख्यांवरचे तुंबलेले काही व्याज देश पुन्हा एक होईपर्यंत पुढे ढकलले गेले. दोन जर्मनी १९९० मध्ये एक झाल्या. व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरण्यात आला.